दिवाळी अंकांचा हंगाम आणि उजवं मनगट

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे. नारायण पेठेत डीटीपीचं काम करते. आतली पानं इनडिझाइनमध्ये लावते, मुखपृष्ठं कोरलड्रॉमध्ये. गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंकांची कामं सुरू होतात आणि नवरात्र संपेपर्यंत रोज दहा-बारा तास माउस हातात असतो. उरलेलं काम घरी नेते. यंदा संध्याकाळपर्यंत उजवं मनगट ठणकायला लागतं. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर माउसचा स्पीड फुल करून दिला, हात कमी हलेल म्हणून. त्याने दुखणं वाढलंच. जेलचा पॅड आणला. मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणला, तो दिवसभर घालते. मालक म्हणतात, उभा माउस घ्या, निम्मे पैसे मी देतो. कोणता घेऊ? आणि हे कार्पल टनेल तर नाही ना? ऑपरेशनची धास्ती वाटते.
ता. क. डाव्या हाताने माउस चालवायला या वयात जमेल का?
– एक वाचक, कोथरूड (रोज स्कूटरने पेठेत)

ताई,

मालक निम्मे पैसे द्यायला तयार आहेत, ही बातमी पेठेत कुणाला खरी वाटणार नाही. ते मन बदलायच्या आत त्यांच्याकडून काय घ्यायचं ते पुढे सांगते. पण उभा माउस, म्हणजे हस्तांदोलनासारखा हात ठेवून धरायचा, आज घेऊ नका.

तुमचं पत्र वाचताना मी आधी थांबले ती रात्रीच्या बधिरपणापाशी. संध्याकाळी मनगट ठणकणं आणि रात्री बोटं बधिर होऊन जाग येणं ही दोन दुखणी आहेत. ती एकमेकांच्या सोबतीने आली असतील, पण त्यांचे उपाय वेगळे, म्हणून वेगवेगळीच बघू.

तळहाताच्या मुळाशी हाडांचा एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल, वरून जाड पट्ट्याने झाकलेला. बोटं मिटवणाऱ्या ९ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नावाची एक नस, एवढी सगळी मंडळी त्यातून जातात. सणाच्या आदल्या संध्याकाळी तुळशीबागेतल्या बोळात जशी अवस्था होते तशी इथे कायमचीच. कंडरांना जराशी सूज आली की चेंगरते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू या नसेच्या वाट्याला आहे. करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. झोपेत आपण मनगट मुडपून निजतो, बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून जाग येते. हात झटकल्यावर बरं वाटणं ही तर या आजाराची ओळखीची खूण आहे. तेव्हा कार्पल टनेलची तुमची शंका रास्त आहे. पत्रावरून निदान करणं मात्र माझ्याच्याने व्हायचं नाही. आज रात्री जाग आली की एकेक बोट चाचपून बघा आणि नेमकी कोणती बोटं बधिर आहेत ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. करंगळी बधिर होत असेल तर भानगड दुसऱ्या नसेची, बहुधा कोपराशी, आणि मग टेबलावर कोपर रोवून बसायची सवय तपासावी लागेल.

आता माउसची थोडी बाजू घेते. जोर लावून धरायची कामं आणि थरथरणारी अवजारं यांचा कार्पल टनेलशी असलेला संबंध बऱ्यापैकी पक्का आहे. कीबोर्ड आणि माउस यांच्याबद्दल मात्र तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, गरोदरपण यांनी हा आजार बळावतो. बायकांत त्याचं प्रमाण जास्त आहे, आणि तुमच्या वयाच्या आसपास तर अधिकच. म्हणून मनगटाचा एक्स-रे काढायची घाई करण्यापेक्षा आधी रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड घसरलेला असेल तर जगातला कुठलाही माउस तुमची बोटं जागी करणार नाही.

पट्टा दिवसा काढा, रात्री घाला. दिवसा तो घालून माउस चालवलात तर मनगट पट्ट्याशी झगडत राहतं आणि जी हालचाल मनगटातून व्हायची ती कोपर-खांद्यावर पडते. रात्री मात्र त्याचं खरं काम आहे, मनगट मुडपू न देणं. त्यात एक गोम आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पत्री वरच्या दिशेला वाकवलेली असते, आणि तसा ताणलेला पंजाही दाब वाढवतो. पत्री खाचेतून काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करा, परत घाला. पंजा आणि हात एका रेषेत यायला हवेत. आवळून बांधू नका. एक बोट आत सरकेल इतका सैल हवा. असं सलग ६ आठवडे करा.

तेवढ्यात फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ससूनच्या ओपीडीत केस पेपर काढलात तरी चालेल. ते बहुधा एनसीव्ही सांगतील, म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो याची तपासणी. किंचित झटके बसतात, त्यापलीकडे काही नाही. पण हातातून कप निसटायला लागला, दिवसाही बोटं बधिर राहायला लागली, किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने सपाट दिसू लागला, तर ६ आठवडे थांबू नका, अंक रखडला तरी. ऑपरेशनची पाळी सगळ्यांवर येत नाही. आलीच तर हात तेवढा बधिर करून बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापतात आणि सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. धास्ती धरायची तर उशिराची धरा. फार काळ चेंगरलेली नस नंतर मोकळी केली तरी पूर्ववत होईलच असं नाही.

आता संध्याकाळचं ठणकणं. इथे माउस आरोपी आहे, आणि चिरंजीव सहआरोपी.

त्यांची चूक समजण्यासारखी आहे. विंडोजच्या जुन्या माउस खिडकीत स्पीडच्या पट्टीवर ११ खुणा असतात. मधली, म्हणजे सहावी, ही मूळ खूण. तिथे माउसने पाठवलेला एक ठोका म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. अकराव्या खुणेवर एका ठोक्याला साडेतीन ठिपके. हे गणित 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची (हाताच्या वेगाप्रमाणे बाण कमी-जास्त धावायच्या सोयीची) टिकमार्क काढलेली असतानाचं, पण कल चालू असतानाही तोच. ८०० डीपीआयचा, म्हणजे एक इंच हलला की ८०० ठोके पाठवणारा, साधा माउस घेतला, तर १९२० ठिपक्यांचा पडदा डावीकडून उजवीकडे ओलांडायला मधल्या खुणेवर हात सुमारे ६ सेंटिमीटर हलतो. फुल स्पीडवर पावणेदोन. म्हणजे हात कमी हलला हे खरंच. पण आता ९ पॉइंटातला अनुस्वार निवडायचाय. बाण उड्या मारतो, अलीकडे-पलीकडे जातो. मग तुम्ही काय करता? माउस घट्ट धरता, मनगट टेबलावर दाबून रोवता आणि श्वास रोखून बोटांनी केसभर ढकलता. हात हलला कमी, आवळला जास्त. दुखतं ते या आवळण्याने.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हे नियमात मांडलं. हाताला नेमक्या जागी पोचायला किती वेळ लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं, ती जागा किती लांब आहे आणि किती लहान आहे. मुलाने अंतर कमी केलं, जागा मात्र होती तेवढीच चिमुकली राहिली. तुमच्या कामात उपाय उलट टोकाकडून करायचा. जागा मोठी करा. कोरलमध्ये एफ २ दाबून हवा तो भाग मोठा करा, काम झालं की एफ ४ दाबा, सगळं परत पडद्यावर येतं. इनडिझाइनमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, परत यायला कंट्रोल आणि शून्य. अख्खं पान एकदम दिसतंय अशा अवस्थेत विरामचिन्हं दुरुस्त करणारी कितीतरी माणसं मी पाहते. चष्मा आणि मनगट, दोघांची एकदमच वाट लागते.

स्पीड लावायची माझी रीत अशी. विंडोज आणि आर दाबा, इंग्रजी अक्षरांत मेन डॉट सीपीएल टाइप करा, एंटर. माउसची जुनी खिडकी उघडते. विंडोज ७ वर अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांकडेही ती याच रस्त्याने उघडते. 'पॉइंटर ऑप्शन्स'मध्ये पट्टी मध्यावर आणा. मग कोपर टेकवून, मनगट सरळ ठेवून, माउस न उचलता बाण पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या. हात सहज पोचला तर बरोबर. मनगट वळवावं लागलं किंवा माउस उचलून परत ठेवावा लागला तर पट्टी एक खूण पुढे. मग नेहमीच्या झूमवर मजकुरातल्या एका स्वल्पविरामाच्या आधी कर्सर ठेवून बघा. दोनदा-तीनदा हुकतंय? एक खूण मागे. दोन्ही जमेल अशी जागा मध्याच्या आसपासच सापडते.

'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. तो सल्ला गेम खेळणाऱ्या पोरांचा. त्या सोयीने हात झपकन हलवला की बाण लांब जातो आणि हळू हलवला की बारीक सरकतो. पानं लावणाऱ्याला हेच हवं असतं. इतकी वर्षं ते चालू असेल तर राहू द्या.

याहून महत्त्वाचं म्हणजे ऑफिसात आणि घरी बाण सारखाच धावायला हवा. सध्या तुमचा हात दिवसा एक अंदाज शिकतो आणि रात्री दुसरा. प्रत्येक वेळी हुकणं, आवरणं, आवळणं. दोन्ही मशीनवर पट्टीची खूण एकच ठेवा, आणि माउस पर्समध्ये टाकून दोन्हीकडे तोच वापरा. दोन माउसचा डीपीआय वेगळा असला तर पट्टी जुळवूनही बाण जुळत नाही.

त्याच खिडकीत डबल क्लिकचा वेग हळू करून ठेवा. बाजूच्या फोल्डरच्या चित्रावर टिचकी मारून बघता येतं. चाकाच्या एका दात्याला ३ ओळी सरकतात, त्या ५-६ करा, म्हणजे मधल्या बोटाचं घासणं निम्म्यावर येईल. आणि 'क्लिकलॉक' नावाची एक दुर्लक्षित सोय आहे. ती चालू केली की बटण क्षणभर दाबून सोडलं तरी दाबलेलंच समजलं जातं. मग मोकळ्या बोटाने ओढायचं आणि शेवटी एक टिचकी. सुरुवातीला वैताग येईल, नको तेव्हा वस्तू चिकटल्यासारखी मागे येईल. 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन तो क्षण थोडा लांबवा आणि आठवडाभर सोसा.

क्लिकलॉकसाठी एवढी आग्रही आहे, कारण डीटीपीतलं सगळ्यात महाग काम म्हणजे ओढणं. एक बोट बटण दाबून धरतं आणि त्याच वेळी हात नेमकेपणाने सरकतो. हात नुसता माउसवर ठेवला असताना आणि माउसने काही ओढत असताना, अशा दोन्ही वेळी बोगद्यातला दाब मोजून पाहिलेला आहे. ओढताना तो स्पष्टपणे वाढतो. आणि तुमचा दिवस बघा! मजकूर निवडायला ओढ, चौकट हलवायला ओढ, फोटो बसवायला ओढ, पान सरकवायला ओढ.

यातलं बरंच काही कीबोर्डवर ढकलता येतं. परिच्छेद निवडायचा तर सुरुवातीला एक क्लिक, शेवटी शिफ्ट दाबून दुसरा. कथा शेवटपर्यंत निवडायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एंड. चौकट माउसने फक्त जवळ आणा, नेमकी बसवायचं काम बाणांच्या कळांना द्या. इनडिझाइनमध्ये शिफ्ट धरून बाण दाबला की दहापट सरकतं. कोरलमध्ये शिफ्टने मोठी पावलं, कंट्रोलने बारीक. मध्यावर आणायचं असेल तर कोरलमध्ये वस्तू निवडून नुसतं पी दाबा, पानाच्या बरोबर मध्यभागी. ओढायचं नाही, मोजायचं नाही.

आणि एवढं एक केलंत तरी मी खूश. इनडिझाइनमधल्या पॅराग्राफ स्टाइलना, म्हणजे परिच्छेदाचं अक्षर, आकार, अंतर एका फटक्यात लावणाऱ्या साच्यांना, आकड्यांच्या कळा बांधा. स्टाइलचे पर्याय उघडले की शॉर्टकटचा रकाना दिसतो. नमलॉक चालू ठेवून कंट्रोल आणि उजवीकडच्या आकड्यांतली एक कळ दाबली की स्टाइल लागते: मजकुराला १, उपशीर्षकाला २, कवितेच्या ओळींना ३, लेखकाच्या नावाला ४. दिवाळी अंकात लेख ४० असोत की ८०, स्टाइल त्याच सात-आठ. आज तुम्ही प्रत्येक वेळी उजवीकडच्या पॅनेलपर्यंत माउस नेता, बारीक नावावर क्लिक करता आणि परत येता. तो हेलपाटाच संपतो. तसंच दोनदा पडलेल्या स्पेस, स्वल्पविरामाआधीची स्पेस, सरळ अवतरणचिन्हं. लेखक मंडळी हे सगळं आपल्यासाठी सढळ हाताने पाठवतात. 'फाइंड-चेंज'मध्ये एकदा नीट लिहून ती क्वेरी सेव्ह करा आणि दर लेखाला चालवा. हंगामाच्या आधी एका निवांत रविवारी हे करून ठेवायचं. ऐन धांदलीत कुणी शिकत नाही. यंदा हंगाम अंगावर आलेलाच आहे, तेव्हा आता फक्त स्टाइलच्या कळा बांधा, बाकीचं दिवाळीनंतर.

प्रूफ वाचताना माउस सोडा. खरंच सोडा, हात मांडीवर घ्या. वाचताना माउस हलत नसतो, पण तर्जनी बटणाच्या वर अधांतरी ताठ उभी असते, आणि तिला उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूपर्यंत जातात. काहींना कोपर का दुखतं ते कळत नाही, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. दर वीसेक मिनिटांनी अर्धा मिनिट हात खाली सोडणं हे संध्याकाळी सलग अर्धा तास शेक घेण्यापेक्षा उपयोगी.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले (१६३३–१७१४). कामगारांची दुखणी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन बघणारे गृहस्थ. लेखनिकांच्या आजाराची त्यांनी तीन कारणं नोंदवली आहेत: सततची बैठक, हाताची एकाच पद्धतीची अखंड हालचाल, आणि वहीत चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. तिसरं कारण वाचून मला दिवाळी अंकांचे संपादक आठवतात. 'आज रात्री फॉर्म (एकदम छापायच्या पानांचा संच) मशीनवर जायलाच हवा' असा फोन आला की पकड आपोआप घट्ट होते, आपल्याला कळतही नाही. फोन ठेवल्यावर आधी खांदे खाली करा, मग माउसला हात लावा.

आता टेबल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पेठेतल्या ऑफिसांत ते कसं असतं ते मला पाठ आहे. कीबोर्डसाठी खाली सरकता ट्रे, आणि ट्रेवर जागा नाही म्हणून माउस वर टेबलावर, मॉनिटरशेजारी. म्हणजे डावा हात खाली आणि उजवा हात दिवसभर वर आणि पुढे ताणलेला, मनगट टेबलाच्या धारदार कडेवर. तुमचं असंच असेल तर मालकांकडून पहिलं हे मागा. ट्रे काढून टाका किंवा माउस मावेल एवढा रुंद बसवून घ्या. एखादा सुतार अर्ध्या दिवसात करेल. कीबोर्ड आणि माउस एका पातळीवर, एकमेकांना खेटून, कोपरं अंगाजवळ. टेबल उंच पडलं तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली जुन्या अंकांचा गठ्ठा. त्याचा तुटवडा तुमच्याकडे नसावा. कीबोर्ड इतका डावीकडे सरकवा की 'जी' आणि 'एच' या कळा पोटाच्या मध्याशी येतील. नाहीतर आकड्यांच्या कळा माउसला लांब ढकलतात आणि खांदा त्याच्यामागे जातो. माउसची वायर टेबलामागे अडकून खेचत असेल तर थोडी मोकळी सोडून चिकटपट्टीने टेबलाला डकवा. बारीकसारीक गोष्ट, पण दर हालचालीला तिचा ताण मनगटावर येतो.

जेलचा पॅड फेकू नका, सरकवा. तुम्ही तो मनगटाच्या घडीखाली ठेवत असणार, म्हणजे बरोबर बोगद्यावर. तिथे सतत दाब देणं हे जे टाळायचं तेच करण्यासारखं आहे. माउस चालवताना हात पॅडवर टेकवायचाच नाही. थांबल्यावर तळहाताचा मांसल भाग टेकवा. आणि तो पिळायचा रबरी चेंडू कुणी दिलाच, तर नातवंडांसाठी ठेवा. आधीच आवळून थकलेल्या हाताला आणखी आवळायचा व्यायाम कशाला?

राहिला उभा माउस. हस्तांदोलनासारखा हात धरल्याने पुढच्या हाताचा पीळ कमी होतो आणि काहींना खरोखर बरं वाटतं. पण कार्पल टनेलच्या रुग्णांवर मोजून पाहिलं तेव्हा मनगटाची ठेवण सुधारली, बोगद्यातला दाब मात्र घटला नाही. शिवाय बारीक कामात तो सुरुवातीला हुकतो. ऐन हंगामात तुम्हाला ते परवडायचं नाही. अंगठ्याने चेंडू फिरवायचा ट्रॅकबॉल घेतलात तर मनगट सुटतं आणि अंगठा अडकतो. अंगठ्याचं मूळ दुखत असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. दिवाळीनंतर हवा तर घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, दुकानदाराच्या काउंटरवर पाच-सहा प्रकार हातात धरून बघा. तळहात भरेल पण बोटं आखडणार नाहीत असा आकार, बटण हलकं. 'मॅडम, हा सगळे नेतात' यावर जाऊ नका. सगळ्यांचे पंजे वेगळे असतात.

आता जे तुम्ही कंसात लिहिलंत ते, स्कूटर. कोथरूड ते पेठ, त्या रहदारीत, मनगट मागे मुडपून अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, ब्रेक दाबायचा, वर हँडलची थरथर. जोराची पकड आणि कंप, म्हणजे मघाशी सांगितलेली दोन्ही कारणं एकाच मुठीत, तीसुद्धा उजव्याच. निदान ६ आठवडे मेट्रोने जा. आनंदनगरला बसा, डेक्कन जिमखान्याला उतरा, लकडी पूल चालत ओलांडलात की पेठेत. पावसात कटकट आहे, कबूल.

घरी कणीक तिंबणं, ओले कपडे पिळणं, नारळ खवणं ही तिन्ही कामं तूर्त तुमची नाहीत. मुलाने माउसचा स्पीड वाढवून दिलाय, तर कणीकही तोच मळू दे. पोळ्या लाटायला हरकत नाही, मूठ सैल आणि मनगट सरळ ठेवून. मोबाइलवर लेखकांना लांबलचक उत्तरं अंगठ्याने टाइप करू नका. मराठीत बोलून मजकूर उमटवणं आता बऱ्यापैकी जमतं, किंवा सरळ फोन करा. लेखकांना फोन आवडतो.

आणि तुमचा ता. क. जमेल. दोन-तीन आठवडे चिडचिड होईल, मग हात वळेल. त्यात एक आयताच फायदा आहे. कीबोर्डच्या डाव्या बाजूला आकड्यांच्या कळा नसतात, त्यामुळे माउस अंगाजवळ राहतो, आणि उजवा हात त्याच आकड्यांवरून स्टाइल देत बसतो. सुरुवात पानं लावण्यापासून करू नका. मेल बघणं, पीडीएफ चाळणं, फाइली हलवणं एवढंच डाव्याने करा, नेमकं काम उजव्याकडे राहू द्या. माउस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा हवा. उजव्या हातासाठी घडवलेला डाव्यात धरलात तर एक दुखणं जाऊन दुसरं येईल. बटणांची अदलाबदल घरच्या मशीनवर खुशाल करा. ऑफिसात मात्र करू नका, संध्याकाळच्या पाळीचा ऑपरेटर तुमच्या नावाने ठणाणा करेल.